जीआरईचे इंग्रजी शब्द : यादी पाठ करू नका, खानदान ओळखा

परदेशात एमएस किंवा पीएचडी करायची तर अनेक विद्यापीठं जीआरई परीक्षेचे गुण बघतात. आमच्याकडे उर्दू माध्यमातून आलेली मुलं पहिल्याच दिवशी म्हणतात, "हे कठीण इंग्रजी शब्द आपल्याला नाही जमणार." आम्ही त्यांना सांगतो, शब्द ओळखायची रीत तुम्हाला आधीपासूनच येते.

आधी परीक्षा समजून घेऊ. व्हर्बल भागात २७ प्रश्न, ४१ मिनिटं आणि १३० ते १७० गुण. थेट विरुद्धार्थी शब्द विचारणं २०११ मध्येच बंद झालं. आता उतारे आणि रिकाम्या जागा असतात. एका प्रकारात सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन शब्द निवडायचे. दोन्ही बरोबर आले तरच गुण. म्हणून समानार्थी शब्द एकत्रच शिका.

किताब, कातिब, मकतब, मकतूब हे सगळे 'क-त-ब' या मुळाचे. इंग्रजीतही तसंच आहे. लॅटिन 'क्रेड' म्हणजे विश्वास. क्रेडिबल म्हणजे विश्वासार्ह, क्रेड्युलस म्हणजे कशावरही भरवसा ठेवणारा, इन्क्रेड्युलस म्हणजे ज्याचा विश्वास बसत नाही असा. एक मूळ कळलं की तीन शब्द हाती लागतात.

काही शब्द तर घरचेच आहेत. झेनिथ म्हणजे सर्वोच्च बिंदू. तो अरबी 'सम्त'वरून आला, तीच आपली उर्दूतली 'सिम्त'. त्याच्या उलट नेडिर, म्हणजे अगदी तळ. तो 'नजीर'वरून आला.

पण नुसत्या अंदाजावर जाऊ नका. नॉइसम म्हणजे गोंगाटाचा नव्हे, दुर्गंधी येणारा. रेस्टिव्ह म्हणजे आरामात असलेला नव्हे, बेचैन. डिक्शनरी उघडाच.

रोज दहा शब्द पुरे. वहीत शब्द, उर्दू किंवा मराठी अर्थ आणि स्वतःचं एक वाक्य लिहा. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि पंधराव्या दिवशी अर्थ झाकून स्वतःला विचारा. पाठ केलेलं किती झपाट्यानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवलं होतं.

परीक्षा घेणारी ईटीएस संस्था पॉवरप्रेप नावाच्या दोन सराव परीक्षा मोफत देते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. आणि पालकांनो, क्लासची फी परवडत नाही म्हणून मुलांना मागे ओढू नका. वही, डिक्शनरी आणि रोजचा एक तास, सुरुवात एवढ्यावर होते.