सोयाबीन शेतात आले, सॉस घरात का नाही?



हल्ली सुना-मुली विचारतात, "बाजारचा सोया सॉस नको, पण घरी जुन्या पद्धतीने मुरवला तर आपल्यात चालेल का?" प्रश्न साहजिक आहे. सोयाबीन तर आपल्या भिवापूर-उमरेडकडच्या शेतांतच पिकते. उत्तराआधी या सॉसचा इतिहास पाहू या, कारण त्याच्या मुळाशी आपल्याला जवळचा एक विचार आहे.

चीनमध्ये पूर्वी मांस आणि मासळी मिठात आंबवून ठेवत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून त्या जागी सोयाबीनही वापरले जाऊ लागले. जपानात अशी कथा सांगतात की काकुशिन नावाचे बौद्ध भिक्षू १२५४ मध्ये चीनमधून परतले आणि त्यांनी सोयाबीनची आंबवलेली चटणी करायला शिकवले. तिच्या पिंपात साठणाऱ्या रसापासून युआसा गावात सॉस सुरू झाला. मठात मांस-मासळी वर्ज्य होती, म्हणून चवीसाठी डाळी-धान्याचा आधार घेतला गेला. म्हणजे मूळ हेतू जीवदयेचाच.

हा सॉस आपल्या देशाला अगदी नवा नाही. जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघाला होता. तिथल्या इंग्रजांच्या वखारीत जेवणाच्या मेजावर आंब्याच्या आणि बांबूच्या लोणच्यांबरोबर सोया सॉस असे, असे त्याने लिहून ठेवले. त्याच पुस्तकात सुरतेच्या जनावरांच्या दवाखान्याचेही वर्णन आहे. एकाच शहरात वखारीत सॉस होता आणि शेजारी आपल्यासारख्यांची पांजरपोळ होती. पण सॉस वखारीतून आपल्या स्वयंपाकघरात आला नाही. का, ते त्याची कृती पाहिली की कळते.

सोयाबीन रात्रभर भिजवून मऊ वाफवतात. त्यात भाजून भरडलेला गहू मिसळून एका ठरावीक बुरशीचे विरजण लावतात. दोन-तीन दिवस उबेत ठेवले की सगळ्यावर बुरशी दाट धरते. मग ते खारट पाण्यात घालून, अधूनमधून ढवळत, सहा महिने ते वर्षभर मुरवतात. शेवटी कापडातून पिळून तो रस तापवतात.

आपल्याकडे लोणच्याची मर्यादा २४ तासांची. बुरशी आपण अनंतकाय मानतो आणि चव-वास पालटलेला पदार्थ चलितरस. इथे तर बुरशी मुद्दाम वाढवायची आणि मग मिठात घालायची! भिक्षूंनी प्राणी वाचवला, आपल्या आचार्यांनी डोळ्यांना न दिसणारा जीवही मोजला. विचार एकच, हिशेब जास्त बारीक.

टिकवण्याची आपली रीत उन्हाची. भिवापूरची मिरची पाहा. तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि ती टिकते ती कडक उन्हात वाळवूनच. पापड, सांडगे, वाळवलेल्या भाज्या सगळे त्याच वाटेचे.

आता सोयाबीन. १९६० च्या दशकात पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने त्याच्या नव्या वाणांवर काम सुरू झाले. पुढे माळवा आणि विदर्भात पीक पसरले, ज्वारी-कापसाची बरीच जमीन त्याने घेतली. पण ते पीक आले तेलाच्या कारखान्यासाठी, बरणीसाठी नाही. नागालँड, मणिपूर, सिक्कीमकडे सोयाबीन आंबवून खाण्याची जुनी परंपरा आहे, आपल्याकडे ती कधी नव्हतीच.

मी कॉमर्सची, म्हणून जमा-नावे मांडते. जमेला सॉसची चव. नावे टाकायचे तर स्वतःच्या हाताने महिनोन्महिने जीव वाढवणे आणि मारणे. घरचा म्हणजे शुद्ध, हे इथे लागू पडत नाही. बाजारातले स्वस्त सॉस तर पुष्कळदा आंबवलेलेही नसतात. सोयाबीनची पेंड आम्लात शिजवून रंग घालतात. तेव्हा बाटलीवरचे बारीक अक्षर वाचा आणि मगच ठरवा.

नातवंडांना कोबीचे मंचुरियन हवे असेल तर चिंचेचा कोळ, लोखंडी कढईत गडद केलेला गूळ, मीठ, मिरपूड आणि चिमूटभर भिवापुरी तिखट एकत्र उकळा. सॉसची हुबेहूब चव येणार नाही. पण विचारणाऱ्या सुनेला "आपल्यात चालत नाही" एवढेच सांगू नका, का चालत नाही तेही सांगा. कारण कळले तरच नियम पुढच्या पिढीत टिकतो.