गाडीची प्रॉक्सी : रिमोट स्टार्टर, चोर आणि संशोधनातला एक जुना घोळ

कॉलेजात तुम्ही कधी ना कधी कोणाची तरी प्रॉक्सी मारली असेल, किंवा तुमची कोणी मारली असेल. सर नंबर घेतात, मागच्या बाकावरून ‘येस सर’ येतं, हजेरी लागते. सरांना जाणून घ्यायचं असतं की विद्यार्थी वर्गात आहे का. प्रत्यक्षात ते तपासतात की आवाज आला का. एरवी या दोन गोष्टी बरोबरच असतात, म्हणून पद्धत चालते. त्या वेगळ्या करणारा कोणी निघाला की घोळ होतो.

संशोधनात आपण रोज हेच करत असतो. जे मोजायचंय ते थेट मोजता येत नाही, म्हणून त्याच्या जागी दुसरं काहीतरी मोजतो. त्यालाही प्रॉक्सीच म्हणतात. ही कल्पना समजावून सांगायला मला पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा मोटारीचा इतिहास जास्त आवडतो. म्हणून आज थोडं गॅरेजमध्ये जाऊया.

आधी जागा बघा. कॅनडातलं विनिपेग शहर. जानेवारीत तिथलं सरासरी तापमान उणे १६ अंशांच्या आसपास असतं. रात्रभर बाहेर उभ्या गाडीच्या काचांवर बर्फाचा थर, इंजिन ऑइल घट्ट झालेलं. अशा ठिकाणी घरात चहा पिता पिता बटण दाबून गाडी सुरू करणं ही चैन वाटत नाही. म्हणून तिकडे बाजारात रिमोट स्टार्टर मिळू लागले आणि लोक ते गॅरेजमधून बसवून घेऊ लागले. (आपल्याकडे काही नव्या गाड्या मोबाइलवरून सुरू होतात, पण ते उन्हात तापलेल्या गाडीत एसी लावायला!)

आता दुसरी बाजू. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच विनिपेग गाड्यांच्या चोऱ्यांसाठी देशभर बदनाम होतं. त्यामुळे एकाच गाडीकडून दोन उलट अपेक्षा आल्या. मालक म्हणतो, मी आत नसतानाही सुरू हो. चोरीविरोधी यंत्रणा म्हणते, मालक नसेल तर अजिबात सुरू होऊ नकोस. हा पेच आला कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावं लागे, आणि ते उलटं फिरून हात मोडायचा धोका असे. स्टार्टरने ताकदीचा प्रश्न मिटवला, पण त्यामुळे गाडी सुरू करणं कोणालाही सोपं झालं. पुढे किल्ली फिरवली की इंजिन सुरू, ही पद्धत रूढ झाली आणि चोराला अडवायचं काम त्या धातूच्या तुकड्यावर आलं. तेही फार भक्कम नव्हतंच. कुलूप फोडलं किंवा तारा जोडल्या की झालं.

मग १९८६ सालच्या कॉर्व्हेट गाडीत जनरल मोटर्सने एक साधी युक्ती केली. किल्लीच्या पात्यात एक छोटा रेझिस्टर बसवला. त्याची १५ वेगवेगळी मूल्यं ठरवलेली होती. किल्ली कुलपात गेली की गाडीतलं सर्किट तो रोध मोजायचं. मूल्य जुळलं नाही तर स्टार्टर आणि इंधन काही मिनिटांसाठी बंद.

रिमोट स्टार्टर बसवणाऱ्या कारागिराची इथे पंचाईत झाली. बटण दाबलं तेव्हा कुलपात किल्लीच नाही, मग रोध कुठून येणार? त्याने मल्टिमीटरने मालकाच्या किल्लीचा रोध मोजला, दुकानातून तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर आणला आणि रिलेमार्फत जोडून टाकला. बारावीच्या प्रॅक्टिकलइतकं काम! सर्किटला वाटलं, किल्ली आली.

१९९० च्या दशकात किल्लीत ट्रान्सपॉन्डर चिप आली. तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून प्रवर्तनाने तिला ऊर्जा मिळते आणि ती रेडिओ लहरींवर गाडीला उत्तर देते. पुढच्या चिप तर गाडीने दिलेल्या आकड्यावर गुप्त गणित करून दर वेळी नवं उत्तर देऊ लागल्या. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना अशी इमोबिलायझर यंत्रणा सक्तीची केली. कॅनडात नव्या गाड्यांसाठी ही सक्ती सप्टेंबर २००७ पासून आली. विनिपेगमध्ये तर त्याच वर्षी जास्त चोरी होणाऱ्या जुन्या गाड्यांनाही ती लागू झाली आणि प्रांताच्या सरकारी विमा कंपनीने अशा गाड्यांना ती फुकट बसवून दिली.

आता रेझिस्टरने भागणार नव्हतं. कारागिराने काय केलं? त्याने गणित सोडवायचा प्रयत्नच केला नाही. मालकाकडून जादा किल्ली मागून घेतली, ती वेटोळं गुंडाळलेल्या छोट्या डबीत ठेवली आणि डबी डॅशबोर्डच्या आत लपवली. रिमोटचं बटण दाबलं की रिले जोडला जातो आणि डबीतली चिप ‘येस सर’ म्हणते. शब्दशः प्रॉक्सी! पुढे डबीची जागा गाडीच्या डेटा-तारांवर बोलणाऱ्या मॉड्यूलने घेतली, पण तत्त्व तेच राहिलं. रिले नीट जोडला नसेल आणि डबी सतत चालू राहिली, तर मात्र गाडीचं संरक्षण पुन्हा धातूच्या किल्लीवर येऊन पडतं.

इथे थांबा आणि विचार करा. कुलूप कोणी तोडलं नाही, गणितही चुकलं नाही. मग नेमकं काय झालं?

इमोबिलायझरच्या रचनेत दोन गृहीतकं होती. पहिलं, चिप जवळ आहे म्हणजे मालक जवळ आहे. दुसरं, इंजिन सुरू झालं म्हणजे गाडी निघाली. दोन्ही इतकी स्वाभाविक वाटत होती की ती गृहीतकं आहेत हेच कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. थंडीने गारठलेल्या माणसाची गरज आली तेव्हा दोन्ही उघडी पडली.

उपायही त्यातूनच निघाला. नीट बसवलेला रिमोट स्टार्टर इंजिन चालू करतो, पण गाडी चालवू देत नाही. आत बसून खरी किल्ली न फिरवता ब्रेक दाबला की इंजिन बंद. बॉनेट उघडं असेल तर सुरूच होत नाही. म्हणजे ‘इंजिन चालू’ आणि ‘गाडी चालवायची परवानगी’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या, आणि मालकाची तपासणी गाडी हलायच्या क्षणापर्यंत पुढे ढकलली. रिमोट नसता तर काय झालं असतं तेही बघा. लोक किल्ली लावून गाडी तापत ठेवतात आणि घरात जातात. चोराला यापेक्षा सोपं काय हवं?

आता प्रयोगशाळेकडे वळू. २००५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीज इथल्या संशोधकांनी अशाच एका चिपचं ४० बिटांचं गणित फोडलं. ४० बिट म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. १६ एफपीजीए चिप एकत्र लावून त्यांनी एक गुप्त किल्ली तासाभराच्या आत शोधली. काम अव्वल दर्जाचं आहे, त्यांचा निबंध जरूर वाचा. पण त्यांचा प्रश्न होता, ‘हे उत्तर खोटं बनवता येतं का?’ कारागिराचा प्रश्न होता, ‘हे उत्तर खरं असलं तरी त्यावरून काय सिद्ध होतं?’ पहिल्या प्रश्नावर निबंध लिहिले जातात. दुसरा बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

यावरून ‘इमोबिलायझर निरुपयोगी’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. फान ऊर्स आणि फोलार्ड या अर्थतज्ज्ञांनी युरोपातल्या सक्तीचा उपयोग नैसर्गिक प्रयोगासारखा करून नेदरलँड्समधली १९९५ ते २००८ ची आकडेवारी तपासली. चोर जुन्या गाड्यांकडे वळले, हेही त्यांनी हिशोबात धरलं. तरीही चोऱ्यांमधली घट ४० ते ५० टक्क्यांच्या घरात निघाली. प्रॉक्सी अपुरी असूनही उपयोगी असू शकते. ती कुठे तुटते हे आपल्याला माहीत असलं पाहिजे, एवढंच.

म्हणून संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा एका कागदावर दोन रकाने करा. डावीकडे ‘मला काय जाणून घ्यायचंय’, उजवीकडे ‘मी प्रत्यक्षात काय मोजणार’. मग प्रत्येक ओळीसमोर लिहा, डावीकडचं नसताना उजवीकडचं कधी मिळू शकेल? शिकणं आणि गुण, आजार आणि चाचणीचा रंग, प्रदूषण आणि एका सेन्सरचा आकडा, काहीही घ्या. उत्तर सुचत नसेल तर गाइडकडे जायच्या आधी तुमच्या विषयातल्या ‘कारागिराला’ गाठा. लॅब असिस्टंट, तंत्रज्ञ, नमुने गोळा करणारा माणूस. डबी कुठे लपवलेली असते हे त्यालाच माहीत असतं.