दिवसा पाचू, रात्री माणिक : अलेक्झांड्राइट आणि एका झारचे भवितव्य

१/ उन्हात हिरवे आणि मेणबत्तीच्या उजेडात तांबडे दिसणारे रत्न म्हणजे अलेक्झांड्राइट. त्याच्या रंगबदलाचे कारण रसायनात आहे. त्याची कीर्ती मात्र इतिहासाने घडवली.

२/ १८३० च्या सुमारास रशियातील उरल पर्वतात, तोकोवाया नदीच्या परिसरात पाचूच्या खाणी सुरू झाल्या. तेथील एक हिरवा खडा फिनलंडचे खनिजशास्त्रज्ञ निल्स नॉर्डेन्शल्ड यांच्या हाती आला. तो पाचूसारखा दिसे, पण पाचूहून कठीण होता. शिवाय दिव्याच्या उजेडात त्याचा रंग पालटे. तो क्रिसोबेरिल या खनिजाचा नवा प्रकार ठरला. आपल्या नवरत्नांतील लसण्याही याच खनिजाचा.

३/ रत्नाला युवराज अलेक्झांडर यांचे नाव देण्यात आले. १८३४ साली युवराजांच्या वाढदिवशीच ते सापडले, अशी आख्यायिका रूढ झाली. संशोधक या योगायोगाविषयी साशंक आहेत. तरीही हिरवा आणि तांबडा हे रशियन सैन्याचे रंग असल्याने कथा लोकांना पटली.

४/ रंग का बदलतो? स्फटिकातील काही ॲल्युमिनियमची जागा क्रोमियम घेते. क्रोमियम पिवळा प्रकाश शोषते. हिरवा आणि तांबडा जवळपास सारख्याच प्रमाणात पार होतात. उन्हात हिरव्याचे पारडे जड, मेणबत्तीच्या उजेडात तांबड्याचे. या खनिजाला लागणारे बेरिलियम आणि क्रोमियम निसर्गात क्वचितच एकत्र येतात, म्हणून ते दुर्मीळ.

५/ युवराज १८५५ मध्ये झार झाले. १८६१ मध्ये त्यांनी भूदासांना मुक्त केले. परंतु मार्च १८८१ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे क्रांतिकारकांच्या बॉम्बने त्यांचा अंत झाला.

६/ मग रत्नाचा अर्थच पालटला. काही वर्षांतच निकोलाय लेस्कोव्ह यांनी ‘अलेक्झांड्राइट’ ही कथा लिहिली. तीत एका वृद्ध रत्नकारागिराला या खड्याच्या दोन रंगांत झारचे भवितव्य दिसते. सैन्याच्या रंगांचे अभिमानचिन्ह आता अपशकुनाची खूण झाले. खडा तोच होता. त्याकडे पाहणाऱ्यांचा काळ बदलला होता.

७/ पुढे श्रीलंका, ब्राझील, तसेच आपल्याकडे ओडिशा आणि आंध्र प्रदेशातही हे रत्न मिळाले. तेथेही ते तसेच रंग बदलते. पण त्या रंगांत कोणी राजाचे मरण वाचत नाही. भाकिते बहुधा घटना घडून गेल्यावरच सापडतात. म्हणून आख्यायिका वाचताना पहिला प्रश्न विचारावा : ती केव्हा सांगितली जाऊ लागली?