लोकप्रिय आणि गंभीर कथासाहित्य (मराठी)

मुख्यतः रंजनासाठी लिहिलेले, रहस्य, भय, प्रणय अशा ठरीव साच्यांत बसणारे लेखन म्हणजे लोकप्रिय कथासाहित्य, तर जीवनानुभवाचा कलात्मक शोध घेणारे ते गंभीर, अशी विभागणी समीक्षेत रूढ असली, तरी मराठी कादंबरीच्या इतिहासाला ती फारशी मानवत नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही स्त्रीजीवनाचा गंभीर वेध घेणारी कादंबरी ‘करमणूक’ या 1890 साली सुरू झालेल्या साप्ताहिकातून क्रमशः आली. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ला (1959) अफाट वाचकवर्ग लाभला आणि 1974चा ज्ञानपीठ पुरस्कारही.

बाबुराव अर्नाळकरांनी झुंजार, काळापहाड अशा नायकांभोवती हजारांवर रहस्यकथा रचल्या. वाचनालयांत त्यांना सतत मागणी असे, समीक्षेने मात्र त्या बहुधा दखलीबाहेरच ठेवल्या. रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथेत, म्हणजे अनाकलनीय घटनेभोवती गुंफलेल्या कथेत, भीतीपेक्षा माणसाच्या मनातली अपराधी भावना अनेकदा अधिक ठळक असल्याने हा पंक्तिभेद टिकवणे अवघड जाते. जयंत नारळीकरांनी 1974मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःच्या नावाची आद्याक्षरे उलटवून, पाठवली आणि ती पहिली आली. तेच पुढे 94व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे (नाशिक, 2021) अध्यक्ष झाले. नारायण धारपांच्या भयकथांकडे मात्र अनेकांचे लक्ष ‘तुंबाड’ (2018) या चित्रपटामुळे नव्याने वळले.