काहीच केले नाही तर?

समुद्रात तेल सांडले की हल्ली आधी संगणकात माहिती भरली जाते: तेल कुठले, किती, वारा कुठला, पाणी किती गार. मग ते उपसून घ्यावे, जाळावे, की त्यावर रसायन फवारावे, याची तुलना होते. त्या तुलनेत एक रकाना असतो, ‘काहीच केले नाही तर?’ या संगणकी साधनांचे खरे कूळ मला त्या रकान्यात दिसते.

१८ मार्च १९६७ रोजी टॉरी कॅन्यन हे जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉलजवळ खडकावर आदळले. त्यात सुमारे १,१९,००० टन कच्चे तेल होते. घाबरलेल्या यंत्रणेने समुद्रावर आणि किनाऱ्यावर सुमारे १०,००० टन डिटर्जंट ओतले. तिथल्या खडकांना लिंपेट नावाची, टोपीसारख्या कवचाची गोगलगाय घट्ट चिकटून असते आणि शेवाळ खरवडून खाते. नुसत्या तेलातून ती बऱ्याच ठिकाणी तगली. डिटर्जंट लागताच तिची पकड सुटली. चरणारे कोणी उरले नाही, खडक शेवाळाने हिरवेगार झाले. न फवारलेले खडक दोन-तीन वर्षांत सावरले, फवारलेल्यांना दहा-पंधरा वर्षे लागली. रोगापेक्षा इलाज भयंकर, याचा इतका ढळढळीत पुरावा क्वचितच मिळतो.

१९७८ मध्ये गुंडलाख आणि हेज या अमेरिकी संशोधकांनी तेलाने किती हानी होऊ शकते यानुसार किनाऱ्यांना १ ते १० असे चढते क्रमांक दिले. लाटा झेलणारा उघडा कातळ १, खारफुटी १०. तरीही १९८९ मध्ये अलास्कात एक्झॉन व्हाल्डीझचे तेल सांडल्यावर गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्यांनी किनारे धुतले गेले आणि तेलातून वाचलेले जीव त्यात भाजले. पुढच्याच वर्षी, तिथले दगड खणून यंत्राने धुवावेत का, असा प्रश्न आला. अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने नफा-तोटा मांडला आणि नको म्हटले. हा हिशेब पुढे ‘नेबा’ नावाने रूढ झाला. तेल कुठे वाहत जाईल हे सांगणारे ‘नोम’ आणि त्यातले किती उडून जाईल हे सांगणारे ‘एडिऑस’, हे नोआचेच संगणकी कार्यक्रम आज तो हिशेब करायला आकडे पुरवतात.

हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्रविषयक माहिती देणारी संस्था आपल्या समुद्रासाठी नोम वापरते. ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा या जहाजाची टक्कर झाली, तेल तिवरांत, म्हणजे खारफुटीत शिरले. तिवरांच्या चिखलात माणसे उतरली तर पायांखाली तेल आणखी खोल जाते. तिथे हात आवरता घेणे हाही उपायच.

पण कुठल्या खाजणात तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात, कुठल्या महिन्यात मासळी अंड्यावर येते, हे कुणी सांगितल्याशिवाय संगणकाला कळत नाही. आमच्या कोळीवाड्यांना ते ठाऊक आहे. ती माहिती तेल सांडायच्या आधी नकाशात भरून घ्या.