सातबाऱ्यावरचा मागचा-पुढचा फेरफार कसा सापडतो?

देवगड : हापूसच्या बागेवर कर्ज काढायचं असो की मुंबईच्या भावंडांसोबत वाटप, फेरफारांची साखळी दाखवावीच लागते. तिथे बरेच जण चुकतात. सातबाऱ्यावर ९७० नंबर दिसला की मागचा म्हणून ९६९ काढतात आणि तो निघतो भलत्याच माणसाच्या जमिनीचा.

फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना सहा, अख्ख्या गावाची एकच असते. नोंद येईल तसा नंबर पडतो. समजा, सर्वे नंबर ४२ हिस्सा ३ वर ६१२, ८०४, ९७० आणि १०५५ हे फेरफार आहेत. मग ९७० चा मागचा ८०४, पुढचा १०५५.

संगणकातल्या डेटाबेसला हेच नीट विचारावं लागतं : याच गावातल्या ४२/३ च्या नोंदी घे, ९७० पेक्षा लहान नंबर तेवढे ठेव, मोठ्याकडून लहानाकडे लाव आणि वरची एकच ओळ दे. पुढच्यासाठी याच्या उलट. क्रम लावायला सांगितलं नाही तर ८०४ ऐवजी ६१२ सुद्धा समोर येईल. काहीच आलं नाही तर साखळीचं टोक आलं.

वारसाचा एक फेरफार दहा सर्वे नंबरांना लागू शकतो. म्हणून फेरफार आणि सर्वे नंबर यांच्या जोड्या वेगळ्या तक्त्यात ठेवतात. सगळे नंबर एकाच रकान्यात कोंबले तर ४२/३ शोधताना ४२/३१ पण उचलला जातो.

आपल्याकडे खरी गोची हिस्से फुटल्यावर होते. ४२/३ चे ४२/३अ आणि ४२/३ब झाले की नव्या नंबरावर जुन्या नोंदी सापडत नाहीत. संगणकाला वाटतं साखळी इथेच सुरू झाली. तेव्हा पोटहिस्सा पाडल्याचा फेरफार बघावा, त्यात जुना नंबर मिळतो. तिथून मागे जाता येतं.

तक्रारी नोंदीचा निकाल उशिरा लागतो, त्यामुळे नंबराचा क्रम आणि मंजुरीच्या तारखेचा क्रम जुळेलच असं नाही. नामंजूर नोंदीला नंबर असतो, पण तिने हक्क बदलत नाही. मागचा फेरफार बघताना खाली मंडळ अधिकाऱ्याचा शेरा वाचावा.

२०२० पासूनच्या नव्या नमुन्यात जुने फेरफार नंबर सातबाऱ्याच्या शेवटी एकत्र दिलेले असतात. प्रलंबित फेरफार आहे की नाही, ते इतर हक्काच्या रकान्यात कळतं.