शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा प्रश्न जिथं सुटला, त्या दगडी इमारतीची गोष्ट

ज्या गावात घरांना दारं नाहीत, तिथल्या एका चौथऱ्यावर मात्र बायकांना प्रवेश नव्हता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी थेट शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर चढली, त्यानंतर तिथं शुद्धीकरण झालं आणि राज्यभर वाद पेटला. २६ जानेवारी २०१६ ला भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई महिलांना घेऊन निघाल्या, पण पोलिसांनी त्यांना सुप्याजवळच अडवलं.

रस्त्यावर अडलेला हा प्रश्न कोर्टात गेला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. एरवी नगर जिल्ह्यातली प्रकरणं औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. ही याचिका मात्र मुंबईत, ओव्हल मैदानासमोरच्या त्या काळ्या दगडाच्या इमारतीत चालली.

किल्ला पाडला, कोर्ट उभं राहिलं

मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं ते १४ ऑगस्ट १८६२ ला. पण तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती, कामकाज अपोलो स्ट्रीटवरच्या एका जुन्या वास्तूत चालायचं. त्याच दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी फोर्टची तटबंदी पाडायला घेतली. मोकळ्या झालेल्या जागेत मैदानाकडे तोंड करून एका ओळीत सरकारी इमारती उभ्या राहिल्या. जुनं सचिवालय, विद्यापीठ, राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट ही सगळी त्याच रांगेतली भावंडं.

हायकोर्टाचा आराखडा लष्करी इंजिनिअर कर्नल जेम्स फुलर यांचा. एप्रिल १८७१ ला काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ ला संपलं. १० जानेवारी १८७९ ला इथं पहिल्यांदा न्यायाधीश बसले. अंदाज होता १६,४७,१९६ रुपयांचा, खर्च आला १६,४४,५२८ रुपये. म्हणजे सरकारी कामात चक्क २,६६८ रुपये उरले!

इमारत ५६२ फूट लांब आणि १८७ फूट रुंद आहे. मधला मनोरा १७५ फुटांचा, त्याच्या पश्चिमेला दोन अष्टकोनी मनोरे. टोकदार कमानी, उतरती छपरं, लांबच लांब व्हरांडे अशी सगळी धाटणी गॉथिक, म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन चर्चसारखी. व्हरांडे मात्र खास इथल्या ऊन-पावसासाठी. माथ्यावर न्याय आणि दया यांचे दोन पुतळे आहेत.

खरी मजा आहे ती खांबांवरच्या कोरीवकामात. एका ठिकाणी हातात तराजू धरलेलं माकड आहे, आणि त्याचा एक डोळा बांधलेला आहे. दुसरीकडे गळ्यात वकिली पट्टी बांधलेला कोल्हा. बांधकामाच्या पैशांवरून झालेला खटला हरलेल्या एका पारशी ठेकेदारानं असा राग काढला, असं सांगतात. कथा खरी की रचलेली कोण जाणे, पण माकड आजही न्यायदान करतंय.

दालन क्रमांक ४६

१९०८ च्या जुलैमध्ये लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला याच इमारतीच्या मध्यवर्ती दालनात चालला. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. निकालानंतर टिळक जे बोलले, ते स्वतंत्र भारतात, १९५६ साली, संगमरवरी फलकावर कोरून त्याच दालनाबाहेर लावण्यात आलं. अनावरण केलं मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी.

योगायोग असा, की शिंगणापूरच्या याचिकेत कामी आलेला कायदाही १९५६ चाच. हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थळी कुणाला अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, असं तो सांगतो. जिथं पुरुष जाऊ शकतात तिथं बायकांना रोखणारा कोणताही कायदा नाही, असं मुख्य न्यायमूर्ती डी. एच. वाघेला आणि न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांच्या खंडपीठानं म्हटलं. या कायद्याची अंमलबजावणी करा, असं १ एप्रिल २०१६ ला सरकारला सांगितलं.

तरी दुसऱ्याच दिवशी शिंगणापुरात महिलांना पुन्हा रोखलं गेलं. ट्रस्टनं तोवर पुरुषांनाही चौथरा बंद करून ठेवला होता. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पुरुषांनी ती बंदी मोडली आणि मग ट्रस्टनं चौथरा सगळ्यांसाठी खुला केला. संध्याकाळपर्यंत महिलांनी वर जाऊन दर्शन घेतलं होतं.

२०१८ मध्ये या इमारतीसह ओव्हलभोवतीचा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. पण जागा आता पुरत नाही. नव्या संकुलासाठी वांद्रे पूर्वेला जमीन दिली गेली आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथं कोनशिलाही बसली.